खोट्या आवाजाचा खरा इतिहास : जलशाची झील आणि डेट्रॉइटचे ‘गेट रेडी’



14 एप्रिलच्या कार्यक्रमांत एक प्रकार हमखास घडतो. एखादे सत्तरी ओलांडलेले बाबा माईक हातात घेतात, कानावर तळहात ठेवतात आणि पहिल्याच ओळीला आवाज असा वर नेतात की खाली बसलेली पोरे एकमेकांना कोपर मारतात. कुणीतरी म्हणते, ‘काय बायकी आवाजात गातात राव!’ मग डीजे सुरू होतो, छातीत धडधड होते आणि सगळ्यांना बरे वाटते. डीजेबद्दल माझी तक्रार नाही, त्याच्यासमोर मीही नाचलो आहे. ‘बायकी’ या शब्दाबद्दल मात्र आहे. हा शब्द आपला नाही. तो आपल्या तोंडात कुणी घातला आणि तो वापरताना आपण कोणाचा इतिहास हसण्यावारी नेतो, हे तपासण्यासाठी हा लेख आहे.

पुरुषाने आपल्या नेहमीच्या पट्टीच्या वर जाऊन, स्वरतंतूंच्या नुसत्या कडा थरथरवून काढलेल्या बारीक आवाजाला पाश्चात्त्य संगीतात ‘फॉल्सेटो’ म्हणतात. शब्द इटालियन आहे आणि त्याच्या मुळाशी ‘खोटा’ हा अर्थ आहे. छातीतून येतो तो खरा आवाज, डोक्यातून येतो तो खोटा. नाव ठेवणाऱ्याने नावातच निकाल देऊन टाकला! आपल्याला ही पद्धत नवीन नाही. ज्यांच्या हातात शब्दकोश असतो ते दुसऱ्याच्या भाषेला बोली म्हणतात, दुसऱ्याच्या देवाला दैवत म्हणतात आणि दुसऱ्याच्या गाण्याला आरडाओरडा म्हणतात.

तमाशाचा फड आठवा. मुख्य गायकाच्या मागे दोघे-तिघे उभे असतात. एकाच्या हातात तुणतुणे, एकाच्या हातात झांज किंवा कडे. हे सुरत्ये, झीलकरी. शाहिराने ओळ संपवली की तिचे शेपूट हे उचलतात आणि वरच्या सुरात ताणत नेतात. कधी भरल्या गळ्याने, कधी त्या बारीक आवाजात. त्याला झील धरणे म्हणतात. शाहिराला तेवढ्यात दम घेता येतो, पुढची ओळ जुळवता येते, ढोलकीवाल्याला तोडा वाजवायला जागा मिळते. झील म्हणजे फडाचा श्वास आहे. आणि गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात, मशाली किंवा गॅसबत्तीच्या उजेडात, लाऊडस्पीकर नावाची वस्तू नसताना हजार माणसांच्या शेवटच्या रांगेपर्यंत काय पोहोचते? खर्ज पोहोचत नाही, तो ढोलकीखाली गाडला जातो. माणसाच्या कानाला वरच्या पट्टीतला आवाज जास्त तीक्ष्ण लागतो, तो ढोलकी-डफाच्या वरून निघून जातो. म्हणजे ही निवड कामाची होती. ज्यांना दिवाणखाना नव्हता, ज्यांच्या गाण्याला छप्पर नव्हते, त्यांनी आपला आवाज उंच केला. दिवाणखान्यात गादीवर बसून गाणाऱ्याला खर्ज परवडतो.

आता हा आवाज चळवळीत कसा आला ते पाहू.

जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे सत्यशोधकांनी तमाशाचा ढाचा उचलून जलसा उभा केला. शेठजी-भटजीचे ढोंग, सावकारी, अज्ञान हे विषय सोंगांतून गावोगाव गेले. हाच जलसा बाबासाहेबांच्या चळवळीत आला तेव्हा तो आणखी धारदार झाला. महाड 1927, काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930, येवल्याची घोषणा 1935, या सगळ्या काळात लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत बातमी कशी पोहोचली? ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ ही पत्रे होतीच. पण पत्र वाचायला गावात एक तरी वाचणारा लागतो. जलशाला फक्त कान लागतात. नाशिकचे भीमराव कर्डक, केरू अर्जुन घेगडे, विदर्भात पतितपावनदास अशी माणसे फड घेऊन फिरली. कर्डकांनी पुढे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तकच लिहून ठेवले, हे त्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. आपली दहा भाषणे एका जलशाच्या बरोबरीची आहेत अशा अर्थाचे उद्गार बाबासाहेबांनी जलशाबद्दल काढल्याचे चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. शब्द कमीजास्त झाले असतील, पण स्वतः उत्तम वक्ता असलेल्या नेत्याच्या तोंडी हे वाक्य टिकून राहते यातच जलशाचे वजन कळते.

जलशाने तमाशातले काय घेतले आणि काय टाकले हे नीट बघितले पाहिजे, कारण आपल्या ‘बायकी’ प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. ढोलकी घेतली, तुणतुणे घेतले, सोंगाड्या घेतला, झील घेतली. गण राहिला, पण त्यातला गणपती गेला आणि मानवमुक्तीचे, बाबासाहेबांचे स्तवन आले. गवळण गेली. शृंगारिक लावणी गेली. बाई नाचवणे गेले. हे शेवटचे सोवळेपणातून गेले असे कुणी म्हणेल तर ते अर्धवट वाचन आहे. तमाशा महार, मांग, कोल्हाटी समाजांच्या पोटावर उभा होता आणि त्यातल्या बाईच्या देहावर गावच्या पाटलापासून सगळ्यांचा हक्क गृहीत धरलेला होता. पठ्ठे बापूरावांनी आपल्या फडाच्या कमाईतून चळवळीला देणगी देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, ही आठवण प्रसिद्ध आहे. आमच्या मुलींना नाचवून मिळालेला पैसा नको, हा त्यामागचा विचार होता. जून 1936 मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणींपुढे बोलताना त्यांनी तो विचार स्पष्टच मांडला. या पार्श्वभूमीवर जलशाच्या मंचावर बाई आली नाही. स्त्रीपात्र आले ते लुगडे नेसलेल्या पुरुषाकडून, आणि त्या पात्राचा आवाजही पुरुषाच्या वरच्या पट्टीतला होता.

म्हणजे जो आवाज ऐकून आज पोरे हसतात, तो आवाज आपल्या आयाबहिणींना फडावर उभे करायचे नाही या निर्णयाशी जोडलेला आहे. हे समजल्यावर हसू येते का बघा.

अर्थात या निर्णयाची दुसरी बाजूही आहे आणि आपण ती झाकू नये. बाई नाचणार नाही हे ठरले, पण बाई शाहीर होईल हे ठरायला फार उशीर लागला. जात्यावरच्या ओव्यांत बाबासाहेबांना गुंफणाऱ्या शेकडो बायांच्या हाती डफ आला नाही. आज कडूबाई खरात यांच्यासारखी बाई एकतारी घेऊन उभी राहते आणि गावेच्या गावे ऐकतात, तेव्हा ती एका जुन्या थकबाकीची वसुलीही करत असते. पुरुषाचा उंच आवाज बाईच्या जागी आला होता. बाई आली म्हणून तो आवाज निकामी ठरत नाही, दोघांनाही मंचावर जागा आहे.

आणि हा ‘बायकी’पणा लाजिरवाणा असेल तर मग बालगंधर्वांचे काय? नारायणराव राजहंस आयुष्यभर भामिनी, सिंधू, रुक्मिणी झाले. त्यांच्या साड्यांची फॅशन पुण्या-मुंबईच्या घरंदाज बायकांनी उचलली. 1964 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. चांगलेच झाले, मोठा कलावंत होता तो. पण पुरुषाने शालू नेसून तिकीट लावलेल्या नाट्यगृहात गायले की ती अभिजात कला, आणि पुरुषाने नऊवारी नेसून महारवाड्याच्या पारावर गायले की तो आचरटपणा, हा भेद आवाजाचा नाही. हा भेद कोणाच्या घशातून आवाज निघाला याचा आहे.

थोडे दूर जाऊ. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डेट्रॉइट नावाचे मोटारींचे शहर आहे. दक्षिणेकडच्या कापूस पिकवणाऱ्या राज्यांतून विसाव्या शतकात सुमारे 60 लाख काळी माणसे उत्तरेकडच्या कारखान्यांत गेली. डेट्रॉइट हे त्यांचे एक मोठे ठिकाण होते. आपल्या लोकांनी गावकी सोडून रेल्वे, गिरण्या, दारूगोळ्याचे कारखाने गाठले, तसेच ते. तिथे 1959 साली बेरी गॉर्डी या काळ्या तरुणाने घरच्यांकडून कर्ज घेऊन मोटाउन ही गाण्याची कंपनी काढली. एका साध्या घरात स्टुडिओ. त्या कंपनीत पाच जणांचा एक गायनसंच होता, ‘द टेम्प्टेशन्स’. डेव्हिड रफिन, एडी केंड्रिक्स, पॉल विल्यम्स, मेल्विन फ्रँकलिन, ओटिस विल्यम्स. मेल्विनचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा, एडीचा आवाज थेट पत्र्यावर. एडी आणि पॉल हे दोघे अलाबामातल्या बर्मिंगहॅमचे. तेच बर्मिंगहॅम, जिथे 1963 साली हक्क मागणाऱ्या शाळकरी मुलांवर पोलिसांनी कुत्रे सोडले आणि पाण्याचे बंब मारले.

1966 च्या सुरुवातीला या संचाचे ‘गेट रेडी’ हे गाणे आले. लिहिले आणि बसवले स्मोकी रॉबिन्सनने, तोही स्वतः उंच आवाजाचा गायक. मुख्य गायक एडी केंड्रिक्स. गाणे तसे साधे, प्रेमाचे. मी येतोय, तयार राहा, एवढाच मामला. पण ते ऐका एकदा. सुरुवातीला खालच्या पट्टीत ब्रास वाद्यांचा एक जड, चालता तुकडा येतो, ढोल धावत सुटतो, ऐकणाऱ्याच्या पायांना आपोआप काम लागते. मग त्या सगळ्या जडपणाच्या वर एडीचा आवाज तरंगतो. किंचाळत नाही, कष्ट दाखवत नाही. पतंगाला ढील द्यावी तसा सुटत जातो. मागून चौघे त्याला उत्तर देतात, शब्द उचलतात, परत फेकतात. तीन मिनिटेही पुरी होत नाहीत तोवर गाणे संपते आणि परत लावावेसे वाटते.

मी हे गाणे पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझ्या डोक्यात आलेला शब्द झील हाच होता. फरक आहे, तो मान्य. आपल्याकडे शाहीर मधे असतो आणि झील त्याच्या डोक्यावरून जाते. तिथे मुख्य गायकच वर चढून बसतो आणि झीलकरी खाली राहतात. इमारत उलटी, पण विटा त्याच आहेत : एकाने टाकायचे, बाकीच्यांनी झेलायचे. आणि या विटा आल्या कुठून? शेतात वेठ करणाऱ्या गुलामांच्या लांबवर हाका मारण्यातून, चर्चमधल्या सवाल-जवाबातून. टेम्प्टेशन्सच्या आधीच्या पिढीत ‘स्वान सिल्वरटोन्स’ नावाचा भजनी संच होता. त्याचा संस्थापक क्लॉड जीटर हा वेस्ट व्हर्जिनियातला कोळसा खाणीत काम करणारा मजूर. खाणीत उतरणाऱ्या या माणसाचा फॉल्सेटो पुढच्या कितीतरी सोल गायकांनी गिरवला. जमिनीच्या पोटात राबणाऱ्याने आकाशातला आवाज काढावा, याला ‘खोटा’ म्हणणाऱ्याने एकदा खाणीत उतरून बघावे.

‘गेट रेडी’चे पुढे काय झाले ते आपल्या दृष्टीने फार बोलके आहे. काळ्या श्रोत्यांच्या यादीत, म्हणजे रिदम अँड ब्लूजच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेले. सर्वसाधारण, म्हणजे मुख्यतः गोऱ्या गिऱ्हाइकांच्या पॉप यादीत 29 व्या क्रमांकावर अडकले. मालक गॉर्डी नाराज झाला आणि संचाची गाणी बसवण्याचे काम स्मोकीकडून काढून नॉर्मन व्हिटफिल्डकडे दिले. मुख्य आवाजही मग एडीच्या बारीक गळ्याऐवजी रफिनच्या खरखरीत गळ्याकडे सरकला. चार वर्षांनी, 1970 साली, ‘रेअर अर्थ’ या गोऱ्या पोरांच्या बँडने तेच गाणे भरड, मर्दानी आवाजात म्हटले आणि ते पॉप यादीत चौथ्या क्रमांकावर गेले. शब्द तेच. चाल तीच. कंपनीही मोटाउनच. फक्त कातडी बदलली आणि गळा बदलला. आपल्याकडे बहुजनांची चाल, बहुजनांचा ठेका उचलून, त्यातला ‘कर्कशपणा’ काढून, सभ्य गळ्यात भरून सिनेमात आणि महोत्सवांत विकण्याचा धंदा किती जुना आहे, हे मी इथे वेगळे सांगत बसत नाही.

कुणी कार्यकर्ता म्हणेल, हे सगळे ठीक, पण प्रेमाच्या नाचऱ्या गाण्याचे आपल्याला काय? आपल्याला वेदनेचे, विद्रोहाचे गाणे हवे. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो आपल्या चळवळीत वरचेवर येतो. आनंदाचे गाणे म्हणजे भान सुटणे, असे आपल्यातल्या काही अभ्यासू मंडळींना वाटते. त्यांच्यासाठी शिकागोच्या कर्टिस मेफिल्डचे उदाहरण देतो. ‘द इम्प्रेशन्स’ हा त्याचा तिघांचा संच : मेफिल्ड, फ्रेड कॅश आणि सॅम गुडन. मेफिल्डचा आवाजही तसाच बारीक, जवळजवळ कुजबुजता. त्याने 1967 च्या अखेरीस ‘वी आर अ विनर’ हे गाणे काढले. आपण जिंकणारे आहोत, असा सरळ अर्थ. गाणे उड्या मारणारे, स्टुडिओत लोक बोलावून त्यांच्या टाळ्या आणि आरोळ्यांसह ध्वनिमुद्रित केलेले. त्यात ना शिवी, ना बंदूक. तरी काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला! काळा माणूस रडतो, याचे गाणे चालत होते. काळा माणूस खूश आहे आणि जिंकणार आहे, याचे गाणे झोंबले. 1968 च्या मार्चमध्ये ते काळ्या श्रोत्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. 4 एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला.

प्रस्थापिताला तुमच्या दुःखाची सवय असते. तुमचे दुःख त्याच्या दयेला खाद्य पुरवते. 14 एप्रिलला निळा गुलाल उडतो, पोरी-बाळी नटून नाचतात, तेव्हा वर्षभर गोड बोलणाऱ्यांच्या कपाळावर आठ्या का पडतात? आवाजाच्या डेसिबलचा हिशोब फक्त आपल्याच मिरवणुकीला का लागतो? ‘कशाला एवढा आनंद’ हा प्रश्न त्या हिशोबाखाली दडलेला असतो. वामनदादा कर्डकांनी हे ओळखले होते. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातले देशवंडी त्यांचे गाव, जन्म 1922 चा. अक्षर ओळख मोठेपणी मुंबईत झाली आणि 1943 पासून ते 2004 साली जाईपर्यंत हजारो गाणी लिहिली. त्यांच्या गाण्यांत दुःख आहेच, पण चाली बघा : लोक टाळी धरतील, गुणगुणतील, लग्नात म्हणतील अशा. विठ्ठल उमपांचा गळा तर अजून कानात आहे. तो माणूस वरचा षड्ज लावायचा आणि तिथेच राहायला घर बांधायचा. नोव्हेंबर 2010 मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच त्यांनी देह ठेवला.

काळ्यांच्या गाण्याचे नाते मी ओढूनताणून जोडत नाही. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. बाबासाहेब 1913 ते 1916 कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते हार्लेमच्या उशालाच. 1946 साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे काळ्यांनी केलेल्या अर्जाची माहिती मागवली. 1972 साली मुंबईच्या पोरांनी नाव घेतले ते ब्लॅक पँथरवरून. विचार आला, कविता आली, नाव आले. गाणे मात्र का कोण जाणे कमी आले. आपल्या अभ्यासवर्गात माल्कम एक्स असतो, कर्टिस मेफिल्ड नसतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. नंदुरबार 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधी हा सगळा पश्चिम खानदेश. 1929 साली सरकारी चौकशी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेबांच्या वाट्याला दोन्ही खानदेश जिल्हे आले होते. धुळ्याकडच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून परतताना चाळीसगावला टांग्याचा अपघात झाला, तो प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. महाराला टांग्यात बसवून टांगा हाकायला सवर्ण टांगेवाला तयार नव्हता, म्हणून नवशिक्या हातांत लगाम गेला, हे त्यातले मूळ. 31 जुलै 1937 ला धुळ्याच्या कोर्टातील खटल्यासाठी ते आले तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले, आणि म्हणून दर 31 जुलैला तिथे आपली माणसे जमतात. शहादा, तळोदा, नवापूरकडून जीपा भरून जातात. आणि गातात.

पण या जिल्ह्यात आपण किती? 2011 च्या जनगणनेत इथली सुमारे 69 टक्के लोकसंख्या आदिवासी आहे, अनुसूचित जाती तीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे नंदुरबारमध्ये आंबेडकरी गाणे फक्त बौद्धवाड्यात वाजत राहिले तर ते तीन टक्क्यांचे गाणे राहील. इथे भिल्ल, पावरा, मावची, कोकणी यांचे गाणे ऐकल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि गंमत अशी की उंच आवाजाची लाज या लोकांना कधीच वाटलेली नाही. अक्कलकुवा तालुक्यात काठीच्या राजवाडी होळीला सातपुड्यातून माणसे उतरतात. अंगावर राख आणि खडीचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू, मोठाले ढोल, आणि त्या ढोलांच्या वरून पुरुषांच्या गळ्यातून सुटणाऱ्या बारीक, लांब आरोळ्या. रात्रभर. तिथे कुणी कुणाला बायकी म्हणत नाही. नवापूरच्या पट्ट्यातल्या सोंगाड्या पार्ट्यांत अजूनही पुरुष बाईचे सोंग घेतात, गातात, आणि लोक पोट धरून हसतात ते सोंगावर, गळ्यावर नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या बाजाराशेजारी तमाशाचे तंबू लागतात, तिथे अजून जुनी झील कानावर पडू शकते. माईक लावलेला असतो, पण गळ्याला ती जुनी सवय राहिलेली असते.

या जिल्ह्यात गाणे आणि लढा वेगळे नव्हते याचाही इतिहास आहे. शहादा तालुक्यात अंबरसिंग सुरतवंती यांनी भजनी मंडळाच्या वाटेने आदिवासींना एकत्र केले. 1971 ला पाटीलवाडीचा गोळीबार झाला, 1972 ला भूमुक्ती मेळावा आणि श्रमिक संघटना. पुढे आदिवासी बायांनी दारूच्या भट्ट्या फोडत गावे पालथी घातली. त्याच संघटनेतून वाहरू सोनवणे हा भिल्ल कवी उभा राहिला. त्यांच्या ‘गोधड’ या संग्रहातली ‘स्टेज’ ही कविता आपल्या प्रत्येक शाखेत वाचली गेली पाहिजे. आदिवासींबद्दल बोलणारे स्टेजवर आणि आदिवासी खाली, हा तिचा सल आहे. आपल्या भीमजयंतीच्या स्टेजवर भिलोरी किंवा पावरी भाषेतले एक तरी गाणे असते का? बिरसा आणि तंट्याचे फोटो बॅनरवर असतात. गळे कुठे असतात?

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ती सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात निकडीची आहे. एडी केंड्रिक्सचा 1966 चा श्वास आपण आज फोनवर ऐकू शकतो, कारण ते ध्वनिमुद्रित झाले, आणि एका काळ्या माणसाच्या मालकीच्या कंपनीत झाले. मेफिल्ड आणखी पुढे गेला. आपल्या गाण्यांचे प्रकाशनहक्क त्याने तरुणपणीच स्वतःच्या हातात ठेवले आणि 1968 साली कर्टम ही स्वतःची कंपनी उभी केली. आपल्याकडे 1930 च्या जलशांचे शब्द थोडेफार पुस्तकांत आहेत, आवाज जवळजवळ नाही. कर्डकांच्या फडात झील कोण धरत होते, ती कशी वर जात होती, हे आता अंदाजानेच सांगायचे. पुढे कॅसेटचा जमाना आला तेव्हा भीमगीतांचा बाजार उभा राहिला, पण कव्हरवर मुख्य गायकाचा फोटो छापला गेला आणि झीलकऱ्याचे नाव कुठेच नव्हते. बहुतेकांनी एकरकमी पैसे घेतले आणि घरी गेले.

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, धडगाव. सहा तालुके. प्रत्येक वस्तीत दोन-तीन जुने गळे अजून आहेत. ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असतील तर दिवाळीला किंवा होळीला परत येतात. मोबाईल सगळ्यांकडे आहे. पंखा बंद करून, फोन हातभर अंतरावर ठेवून, आधी माणसाला बोलते करून मग गायला लावायचे. ढोलकी त्याच्या तोंडासमोर न ठेवता बाजूला ठेवायची, नाहीतर झील बुडते. गाण्याआधी त्याच्याच तोंडून नाव, गाव, साल, गाणे कोणी रचले आणि चाल कोणाकडून घेतली हे बोलवून घ्यायचे. झीलकऱ्यांची नावेही तशीच. आणि हे रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकण्याआधी मालकी कोणाची हे एका कागदावर लिहून सही-अंगठा घ्यायचा. ‘समाजाचे आहे’ असे म्हणून मोकळे होऊ नका. समाजाचे म्हटलेले पहिल्या कंपनीचे होते.

कायदा इथे आपल्या बाजूने थोडाफार आहे. कॉपीराइट कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीने सिनेमात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गाण्याच्या गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्याच्याकडून लिहून घेता येत नाही असे केले. गायकालाही कलावंत म्हणून त्याच्या सादरीकरणावर 50 वर्षांचा हक्क आहे, आणि झीलकरी हा गायकच आहे. शब्दांवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे चालतो. त्या हिशोबाने वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क 2064 च्या अखेरीपर्यंत जिवंत आहे. अण्णाभाऊ साठे 18 जुलै 1969 ला गेले, त्यांच्या शब्दांवरचा 2029 च्या अखेरीस संपतो.